टाकीत काय आहे, हे गाडीला तरी कळू द्या

इथेनॉलच्या वादात दोनच आवाज मोठे ऐकू येतात. एक म्हणतो, पेट्रोलमध्ये दारू मिसळून चांगल्या गाड्यांची वाट लावली. दुसरा म्हणतो, हे हिरवं इंधन आहे आणि तक्रार करणाऱ्यांना फक्त स्वतःच्या गाडीचं पडलंय. दोघेही एका बाबतीत मात्र नकळत एकमताचे असतात. इथेनॉल म्हणजे पेट्रोलमध्ये ‘घालायची’ वस्तू, दुधात पाणी घालावं तशी, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. भांडण उरतं ते किती घालायचं याचं.

मला या गृहीतकाशीच भांडायचंय. इथेनॉल हे स्वतःच्या स्वभावाचं स्वतंत्र इंधन आहे. त्याचे गुण कुठे चमकतात आणि दोष कुठे बोचतात, हे इंजिनावर ठरतं. गुण सर्वांत जास्त चमकतात ते टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनात, म्हणजे आज जवळपास प्रत्येक महागड्या गाडीच्या बॉनेटखाली जे असतं त्यात. आणि त्याच गाड्यांत आपण ते आंधळेपणाने ओततो. गाडीला कळत नाही टाकीत काय आलं, पंपावर धड लिहिलेलं नसतं, आणि मालकाच्या हाती येतं ते फक्त घटलेलं ॲव्हरेज.

तोट्याचं आधी बोलू, कारण तो खरा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. लिटरमागे एक तृतीयांश कमी. २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ७ टक्के ऊर्जा घटते. १० टक्के मिश्रणाशी तुलना केली तर साडेतीन टक्के. ॲव्हरेज थोडं पडलं असं म्हणणाऱ्याला भास झालेला नसतो. ते निम्म्यावर आलं असं म्हणणाऱ्याने आधी टायरमधली हवा तपासावी.

आता टर्बोकडे वळू. साध्या इंजिनात हवा आपल्या पायाने आत येते. टर्बो तिला कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून छोट्याशा इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी हाताला गरम लागते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडतं. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढून घेतो, सगळी नाही. सिलिंडरमध्ये पिस्टन तीच हवा आणखी दाबतो, आणि ठिणगीची ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकून उठतं. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेरून ऐकलं तर धातूवर कोणी छोट्या हातोडीने टकटक करतंय असं वाटतं. टर्बो इंजिनात ही टकटक फार वेळ चालली तर पिस्टनचे तुकडे पडू शकतात.

गाडीचा संगणक त्यासाठी कान लावून बसलेला असतो. नॉक सेन्सरने आवाज टिपला की तो ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, पण उशिरा पेटलेल्या इंधनाची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून बाहेर पडते आणि टर्बाइन, म्हणजे एक्झॉस्टच्या झोताने फिरणारं टर्बोचं चाक, लाल होऊ लागतं. मग ते थंड ठेवायला संगणक गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतो. म्हणजे दणकट टर्बो गाडी पूर्ण जोर लावून चढ चढत असते तेव्हा तिच्या पेट्रोलचा काही भाग जळण्यासाठी जातच नाही, तो टर्बाइनवर पाणी मारल्यासारखा खर्च होतो. लाखमोलाचं इंजिन आणि त्याला थंड करायला पेट्रोलचा शिडकावा! अभियंत्यांचा इलाज नसतो, पण चित्र काही फार देखणं नाही.

इथेनॉल नेमकं या दुखण्यावरचं औषध आहे. एक किलो पेट्रोलची वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता लागते, एक किलो इथेनॉलला ८५० च्या वर. शिवाय तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त टाकावं लागतं: पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा हवी, इथेनॉलला फक्त ९. या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर हवेच्या प्रत्येक किलोमागे इथेनॉल पेट्रोलच्या जवळपास चौपट उष्णता शोषतं. थेट सिलिंडरमध्ये फवारा सोडणाऱ्या इंजिनात ही उष्णता आतल्या हवेतूनच खेचली जाते, म्हणजे जिथे आग लागायची भीती तिथेच गारवा. आणि मुळात इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन आकडा (इंधन नॉकिंगला किती तोंड देतं त्याचं माप) १०८ च्या आसपास, तर चांगल्यातल्या चांगल्या पंपावरच्या पेट्रोलचा ९८ ते १०२ च्या घरात. संगणकाला ठिणगी मागे ओढावी लागत नाही, जास्तीचं इंधन शिंपडावं लागत नाही, टर्बो आणखी दाब देऊ शकतो. जिथे टर्बो इंजिनाची सगळ्यात जास्त ओढाताण होते तिथे ऊर्जेतला तोटा बऱ्याच अंशी भरून निघतो.

हे प्रयोगशाळेतलं स्वप्न नाही. साब कंपनीने २००५ मध्ये स्वीडनमध्ये ९-५ बायोपॉवर विकायला काढली. तेच दोन लिटरचं टर्बो इंजिन पेट्रोलवर १५० अश्वशक्ती द्यायचं, ई८५ वर, म्हणजे नावाला ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनावर, १८०. टॉर्क २४० वरून २८० न्यूटन-मीटर. बेंटलीने २००९ मध्ये कॉन्टिनेंटल सुपरस्पोर्ट्स आणली. दोन टर्बोंचं सहा लिटरचं इंजिन आणि टाकीत पेट्रोल घाला किंवा ई८५. कोनिगसेगची जेस्को पेट्रोलवर १२८० अश्वशक्ती देते, ई८५ वर १६००. इंजिन तेच, टर्बो तेच. फरक फक्त इंधनाचा आणि ते इंधन गाडीला ओळखता येतं याचा. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतींत तर २००७ पासून इथेनॉल होतं आणि २०१२ ला टर्बो परत आले तेव्हा त्यांना ई८५ दिलं गेलं. ज्यांना सेकंदाचा शंभरावा भाग जिंकायचा असतो ते भावनेच्या भरात इंधन निवडत नाहीत.

मग मालकाच्या गाडीला यातलं काही का मिळत नाही? कारण नॉक सेन्सर शिक्षा करू शकतो, बक्षीस देऊ शकत नाही. ठिणगीचं वेळापत्रक कारखान्यात ठरतं. वाईट इंधन मिळालं की संगणक त्या वेळापत्रकाच्या मागे सरकतो, चांगलं मिळालं की परत वेळापत्रकावर येतो, आणि तिथेच थांबतो. त्याच्या पुढे जायची मुभा त्याला नसते. आपल्याला अधिक चांगलं इंधन मिळालंय हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. त्याला दिसतं ते एवढंच की एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जरा जास्त येतोय. म्हणून तो निमूटपणे इंधन वाढवतो. म्हणजे इथेनॉलचा दोष तो लगेच ओळखतो आणि भरपाई करतो. गुण ओळखण्याची सोयच नाही.

दुसरं कारण अधिक बोचरं आहे, आणि ते इंजिनाच्या बाहेरचं आहे. अमेरिकेतलं साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं असतं (त्यांची मोजणी वेगळी, दोन पद्धतींची सरासरी). रिफायनरी मात्र त्यासाठी बहुतेक ठिकाणी ८४ चं कच्चं मिश्रण पाठवते. डेपोत त्यात १० टक्के इथेनॉल पडतं आणि आकडा ८७ वर जातो. पंपावरची पाटी जुनीच. इथेनॉलने आणलेले तीन अंक रिफायनरीची बचत झाले, कारण कमी ऑक्टेनचं पेट्रोल बनवायला स्वस्त पडतं. लिटरमागे कमी झालेली ऊर्जा मात्र गाडीवाल्याच्या वाट्याला आली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. मिश्रण करू नका असं मी म्हणत नाही. पण मिश्रण करताना मूळ पेट्रोलचा दर्जा तोच ठेवला, तर त्याच इथेनॉलने पंपावरचा आकडा वर गेला असता आणि टर्बो इंजिनांना त्याचा खराखुरा उपयोग झाला असता. सरकारं टक्का ठरवतात आणि टक्का गाठल्याचं जाहीर करतात. ऑक्टेन कोणाच्या खिशात गेलं, हे कोणी विचारत नाही.

ऑक्टेनच्या बाबतीत जगाने याआधीही एकदा असंच केलंय. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजलीला सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर टाकलं की नॉकिंग थांबतं. अल्कोहोलनेही ते थांबतं हे त्या काळच्या अभियंत्यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल भरपूर लागायचं आणि त्याच्यावर कोणाची मालकी नव्हती. शिसं कणभर पुरायचं आणि त्याचं पेटंट घेता यायचं. शिसंवालं पेट्रोल जगातल्या शेवटच्या पंपावरून हटलं ते २०२१ मध्ये. शंभर वर्षं. एवढ्या काळात किती मुलांच्या रक्तात ते उतरलं असेल, त्याचा विचार केला की ‘इंधनात काय मिसळायचं’ हा प्रश्न फक्त ॲव्हरेजचा राहत नाही.

आता नावाचा घोळ. ई८५ म्हटलं की ८५ टक्के इथेनॉल, असंच कोणीही समजेल. अमेरिकन मानकानुसार मात्र त्यात ५१ ते ८३ टक्के असं काहीही चालतं. थंडीत इथेनॉलची वाफ नीट होत नाही, इंजिन सुरू व्हायला त्रास होतो, म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचं प्रमाण वाढवतात. कारण रास्त आहे. पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

हौशी मंडळींसाठी हा घोळ भारी पडू शकतो. टर्बो गाड्यांच्या मालकांत ‘ई३०’ हा लाडका आकडा आहे. ऑक्टेनमधली वाढ सुरुवातीच्या टक्क्यांत झपाट्याने मिळते आणि पुढे मंदावते, त्यामुळे ३० टक्क्यांवर फायदा बराचसा हाती येतो आणि गाडीतल्या इंधन-पंपावर व इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरवर फार ताणही येत नाही. तर समजा, ६० लिटरच्या रिकाम्या टाकीत ई३० करायचंय. पंपावरचं पेट्रोल १० टक्क्यांचं आहे. ई८५ खरंच ८५ असेल तर १६ लिटर ई८५ आणि ४४ लिटर पेट्रोल घातलं की बरोबर ३० टक्के जमतं. तेच १६ लिटर जर ५१ टक्क्यांचे निघाले, तर टाकीतलं प्रमाण २१ वर येतं. गाडीत ३० टक्के गृहीत धरून ठिणगी पुढे ओढलेला आणि टर्बोचा दाब वाढवलेला मॅप, म्हणजे संगणकाचं नवं वेळापत्रक, भरलेला असतो. आणि ही माहिती गाडीला कुठून मिळाली? मालकाने मनातल्या मनात केलेल्या हिशेबातून. नॉक सेन्सर सावरेलही, पण पूर्ण जोरात धावणाऱ्या, दोन टर्बोंच्या इंजिनाशी ही आंधळी कोशिंबीर खेळायची कशाला?

माझ्या ओळखीतल्या एकाने ही कोशिंबीर वर्षभर खेळली. गाडी जर्मन, टर्बो, ऐटदार. टाकी भरताना तो मोबाइलवर आकडेमोड करायचा आणि नंतर निदानाचं यंत्र लावून संगणक इंधन किती टक्के वाढवतोय ते बघायचा. १० वरून ३० टक्क्यांवर गेलं की संगणकाला साधारण ९ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं, त्यामुळे त्याला पडद्यावर ८–९ दिसलं की तो खूश. एका थंडीत आकडा पाचच्या वर जाईना. त्याला वाटलं, गाडी सुधारली. सुधारलं काही नव्हतं, टाकीत इथेनॉलच कमी होतं. हुशार माणूस, पण जे काम एका छोट्याशा सेन्सरने करायचं ते तो अंदाजाने करत होता.

तो सेन्सर काही परग्रहावरून आणायचा नाही. विद्युत क्षेत्रात पेट्रोल आणि इथेनॉल फार वेगळं वागतात. त्यांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक अनुक्रमे सुमारे २ आणि २५ च्या घरात. इंधनाच्या नळीत बसवलेला मुठीएवढा सेन्सर हा फरक मोजतो आणि संगणकाला ठोके पाठवतो: सेकंदाला ५० ठोके म्हणजे इथेनॉल शून्य, १५० म्हणजे शंभर टक्के. मधलं सगळं मधे. फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या गाड्यांत ही वस्तू कित्येक वर्षं वापरात आहे. ज्या गाडीत सीट पाठ चेपून देते, आरसे स्वतःहून मिटतात आणि पाऊस पडला की वायपर न सांगता चालू होतात, त्या गाडीला आपल्या टाकीत काय आहे हे माहीत नसावं, यात तंत्राची अडचण मला तरी दिसत नाही. कोणी सक्ती केलेली नाही, एवढंच.

सक्ती कशी करू नये, याचा धडाही अमेरिकेतच आहे. १९८८ च्या कायद्याने ई८५ वर चालू शकणाऱ्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांना इंधन-बचतीच्या हिशेबात घसघशीत सवलत दिली. गाडी अर्धा वेळ ई८५ वर चालते, असं कागदोपत्री गृहीत धरलं जायचं. कंपन्यांनी लाखो गाड्यांना फ्लेक्स-फ्युएलचा बिल्ला लावला, सवलत घेतली आणि मोठी, पेट्रोल पिणारी वाहनं विकत राहिल्या. बहुतेक मालकांनी आयुष्यात ई८५ टाकीत घातलं नाही. कित्येकांना आपली गाडी ते घेऊ शकते हेच माहीत नव्हतं. शिवाय त्यातली बरीच इंजिनं ई८५ सहन करत होती, त्याचा फायदा उठवत नव्हती. बक्षीस क्षमतेला मिळालं, वापराला नाही.

ब्राझीलने याच्या उलट केलं. १९७५ च्या प्रोआल्कूल योजनेपासून तिथे उसाचं इथेनॉल पंपावर आलं, १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली, आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या ‘गोल’ नावाच्या गाडीने दोन्ही इंधनं कुठल्याही प्रमाणात पचवायला सुरुवात केली. तिथल्या पेट्रोलमध्येच आता ३० टक्के इथेनॉल असतं. म्हणून तिथे गाडी विकायची तर तिने इंधन ओळखलंच पाहिजे, हे कंपन्यांनी मुकाट्याने मान्य केलं. बीएमडब्ल्यूने खास त्या बाजारासाठी टर्बो इंजिनाची ३२०आय ॲक्टिव्हफ्लेक्स काढली. म्हणजे महागड्या टर्बो गाडीला हे जमतं. फक्त जमवल्याशिवाय विकता येणार नाही अशी परिस्थिती असावी लागते.

आणि लोकांशी बोलावं लागतं. जर्मनीत २०११ मध्ये १० टक्के मिश्रण आलं तेव्हा रस्त्यावरच्या ९० टक्क्यांहून जास्त पेट्रोल गाड्यांना ते चालणारं होतं. तरी लोक पंपावर पोहोचून जुन्याच नळीकडे वळले. आपल्या गाडीचं काय, याचं सरळ उत्तर कोणी वेळेवर दिलं नव्हतं. भारताने २० टक्क्यांचं लक्ष्य २०३० वरून २०२५ वर आणलं आणि ते गाठलंही. वादळ उठलं ते गाठल्यानंतर, जुन्या गाड्यांचं काय हा प्रश्न विचारत. युरोपने २०१८ पासून पंपावर आणि नव्या गाडीच्या इंधन-झाकणावर एकसारखी गोल चिन्हं लावायला लावली: ई५, ई१०, ई८५. झाकणावरचं वर्तुळ आणि नळीवरचं वर्तुळ जुळलं की झालं. इतकं साधं. माझं म्हणणं, याच्या पुढे एक पाऊल जावं. पंपावर फक्त वरची मर्यादा नको, त्या दिवशीच्या साठ्यातलं प्रत्यक्ष प्रमाण आणि ऑक्टेन दोन्ही लिहा. डेपोतून टँकर निघतो तेव्हा हे आकडे कागदावर असतातच.

इथवर मी इथेनॉलची बाजू घेतली. आता त्याच्या भक्तांना दोन शब्द.

‘सेन्सर लावा आणि ई८५ ओता’ इतकं हे सोपं नाही. शुद्ध पेट्रोलच्या मानाने ई८५ आकारमानाने सुमारे ४० टक्के जास्त लागतं. थेट फवाऱ्याच्या इंजिनात इंधन २०० ते ३५० बार दाबाने सोडावं लागतं, तेही पिस्टन वर येईपर्यंतच्या क्षणभरात. कॅमशाफ्टवर चालणारा उच्चदाबाचा पंप त्याच्या मापाचाच बनवलेला असतो. तो कमी पडला की नेमक्या पूर्ण जोराच्या वेळी दाब कोसळतो, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने इंधन कमी पडतं), आणि पातळ मिश्रणावर धावणारं टर्बो इंजिन म्हणजे संकटाला आमंत्रण. संगणकाची भरपाईची मर्यादा बहुधा २५ टक्क्यांच्या आसपास संपते. पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो. दिवा लागला तर नशीब म्हणायचं, कारण निदान कळलं तरी.

शिवाय इथेनॉल काही प्रकारचं रबर फुगवतं, काही धातू खातं, जुन्या टाकीतली घाण सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकतं. ते पाणी ओढतं, आणि लक्झरी गाड्या तर धावण्यापेक्षा उभ्याच जास्त असतात. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्याच्या ऑइलमध्ये न जळलेलं इंधन उतरतं. त्याने ऑइल लवकर बदलावं. आणि ‘इथेनॉलने इंजिन आतून चकाचक होतं’ हे जे सांगितलं जातं, ते थेट फवाऱ्याच्या इंजिनातल्या इनटेक व्हॉल्व्हच्या काजळीला लागू होत नाही. इंधन त्या व्हॉल्व्हला शिवतच नाही, धुणार कुठून?

म्हणूनच मॅप बदलून देणाऱ्या हौशी बाजाराच्या भरवशावर हा प्रश्न सोडू नये असं मला वाटतं. फ्रान्सने २०१७ च्या अखेरीस ई८५ साठीच्या रूपांतर-पेट्यांना मान्यतेची रीतसर पद्धत घालून दिली: कोणती पेटी, कोणत्या गाडीला, कोण बसवणार. बंदी घालून लोक थांबत नाहीत, ते गॅरेजच्या मागच्या दाराने करून घेतात. नियम घातले की निदान जबाबदार कोण हे कळतं.

‘श्रीमंतांच्या गाड्यांची एवढी चिंता कशाला?’ असं कोणी म्हणेल. प्रश्न रास्त वाटतो, पण टर्बो आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या घरगुती गाड्यांतही तो आला आहे. ब्रेकचं एबीएस, एअरबॅग, थेट इंधन-फवारा, यातलं बरंचसं महागड्या गाड्यांतून खाली झिरपलं. सेन्सर आणि इथेनॉल पचवणारा पंप आधी त्यांच्यावर सक्तीचा करायचा, कारण त्यांना तो खर्च जाणवणारही नाही. उद्या सगळ्या गाड्या विजेवर जातील हेही कोणी ऐकवेल. जाऊ देत. आज शोरूममधून निघालेलं टर्बो पेट्रोल इंजिन पंधरा-वीस वर्षं रस्त्यावर असणार आहे, आणि त्या काळात त्याच्या टाकीत इथेनॉल वाढतच जाणार आहे.

जमीन, पाणी आणि धान्याचा प्रश्न मी इथे उघडत नाही, तो मोठा आहे. एवढंच म्हणतो की अमेरिकेतल्या मक्याचा तिसऱ्या भागाहून जास्त हिस्सा इथेनॉलकडे जातो, ऊस पाणी पितो, हे ज्यांना खुपतं त्यांनी तर माझ्या बाजूने उभं राहायला हवं. एवढं मोल देऊन मिळवलेला थेंब जिथे सर्वांत जास्त काम करेल तिथे वापरा. एमआयटीतल्या कोहन, ब्रॉमबर्ग आणि हेवूड यांनी दोन दशकांपूर्वी नेमकी हीच कल्पना मांडली होती: इथेनॉल वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा आणि इंजिनावर भार येईल तेवढ्याच क्षणी थेट सिलिंडरमध्ये सोडा. एरवी पेट्रोल. थोड्याशा इथेनॉलवर छोटं टर्बो इंजिन डिझेलच्या तोडीची काटकसर करू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. दोन टाक्या भरायची कटकट कोणाला नको होती, म्हणून ते शोरूमपर्यंत आलं नाही. पण दिशा तीच योग्य वाटते.

त्या साबकडे परत येतो. तिच्यात तर इथेनॉल मोजणारा वेगळा सेन्सरही नव्हता. टाकी भरली की संगणकाला कळायचं की इंधन बदललं असू शकतं. मग तो पुढच्या काही मिनिटांत एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून प्रमाणाचा अंदाज बांधायचा आणि ठिणगी, टर्बोचा दाब, इंधन सगळं त्याप्रमाणे लावून घ्यायचा. पेट्रोल घाला, ई८५ घाला, दोन्ही अर्धं-अर्धं घाला. चालकाला कुठलं बटण दाबावं लागत नव्हतं, की मोबाइलवर हिशेब करावा लागत नव्हता. ती कंपनी २०११ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली. तिला जे २००५ मध्ये दोन लिटरच्या इंजिनात जमलं होतं, ते आज तिच्या कित्येक पट किमतीच्या गाड्यांच्या माहितीपुस्तकात एका ओळीत आटोपलेलं असतं: १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेलं इंधन वापरू नये.